अपूर्वाची पाठ आणि इतरांचे पाय

नाहूर, १९ ऑगस्ट २०२४

ती. मालनताईस रागावलेल्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

रविवारी तू फोन आपटलास. मोबाईल असल्यामुळे आवाज आला नाही, पण मला कळलं. तेव्हा आता अण्णांचा नियम लागू. भावंडांचं भांडण झालं की तोंड बंद, कागद उघडा. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली तरी या नियमातून आपली सुटका नाही. पत्र पोचेपर्यंत राग निवळतो, असं त्यांचं म्हणणं. माझा निवळलेला नाही, हे आधीच सांगतो.

मुद्दा एवढाच होता. अपूर्वाची कंबर दुखते. तुझी ही भाची चौदा वर्षांची आहे आणि जिल्ह्याच्या सॉफ्टबॉल संघाची पिचर आहे, हे तुला आठवत असेलच. हात गरकन गोल फिरवून ती खालून असा चेंडू सोडते की समोरची मुलगी बॅट उचलेपर्यंत तो कॅचरच्या ग्लोव्हमध्ये गेलेला असतो. डिसेंबरात राज्याच्या संघाची निवड चाचणी आहे. सुयोग सर, म्हणजे तिचे शाळेतले कोच, म्हणतात की तिची जागा जवळजवळ पक्की. आणि नेमकी आत्ताच तिला उसण भरलीय.

मी तुझ्याकडे काय मागितलं? तू पायाळू आहेस. जन्मताना आधी पाय बाहेर काढलेस, यात तुझं कर्तृत्व शून्य, पण पायाळूचा पाय लागला की उसण जाते हे अख्ख्या घाटकोपरच्या चाळीला माहीत होतं. नऊ-दहा वर्षांची तू फ्रॉक सावरत खोतकाकांच्या पाठीवर पाय ठेवायचीस आणि ते उठून कामावर जायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय. आता एका रविवारी येऊन भाचीच्या कमरेला तोच पाय लावून जा म्हटलं, तर तू म्हणालीस, ‘चंदू, तुझ्या डोक्याला लावते.’ फिजिओथेरपिस्ट बाईच्या तोंडी हे शोभतं का?

कधीही ये. मी घरीच असतो. कंपनीने जूनमध्ये मला अशी सुट्टी दिली आहे की ती कधी संपणार ते त्यांनाही सांगता येत नाही. जयंती बँकेत जाते, अपूर्वा शाळेत जाते, मी दार उघडायला असतो.

तुझा, चंद्रप्रकाश


बोरिवली, २५ ऑगस्ट २०२४

चि. चंदूस पायाळू बहिणीचा लांबूनच आशीर्वाद. पायही पाठवला असता, पण पाकिटात मावेना.

तीस वर्षं मी लोकांच्या पाठी, माना आणि गुडघे बघते आहे. दवाखान्याच्या भिंतीवर माझी पदवी टांगलेली आहे. रोज गोरेगाव, दहिसरहून माणसं येतात. आणि सख्ख्या भावाला माझ्यातला एकच अवयव कामाचा वाटतो, तोही डोक्यापासून सगळ्यात लांबचा. धन्य आहे. खोतकाका उठून कामावर जायचे ते त्यांची सुट्टी संपलेली असायची म्हणून. माझा पाय फक्त निमित्ताला. आणि पायाळूवर वीज पडते म्हणून आई मला पावसाळ्यात गॅलरीतही येऊ देत नसे, ते विसरलास. तू बाहेर होड्या सोडत असायचास.

आता थोडा वेळ अक्कल वापरू. माझ्या प्रश्नांची नीट उत्तरं लिही. कंबर मधोमध दुखते की एका बाजूला? पुढे वाकताना की मागे? एका पायावर उभी राहून मागे कलली तर दुखतं का? किती दिवस झाले? दोन आठवड्यांच्या वर गेलं असेल तर ही उसण नव्हे, लिहून ठेव. वाढत्या वयात हाड अजून पक्कं झालेलं नसतं. रोज त्याच जागी तोच झटका बसत राहिला तर ते आधी कुरकुरतं, आणि कुरकुर ऐकली नाही तर चिरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती दिवसाला किती चेंडू टाकते? सरावाचे, सामन्यातले, सगळे मिळून.

उत्तर येईपर्यंत चेंडू बंद. चालू दे, पोहू दे. पिचरची ताकद हातात असते असं तुम्हा बापलोकांना वाटतं. ती पायातून आणि कुल्ल्यातून वर येते. तिथले आणि पोटाचे स्नायू कच्चे असले की सगळा भार कंबर घेते. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून, कंबर सावकाश वर उचलायची, दहा वेळा. दुखलं तर तेही थांबवायचं. आणि ते तीन विटांच्या वजनाचं दप्तर एका खांद्यावर लटकवणं बंद.

एवढं कर. पाय मी माझ्याजवळच ठेवते.

तुझी, मालनताई


नाहूर, २ सप्टेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार. राग थोडा निवळला, अण्णा जिंकले.

तुझ्या प्रश्नपत्रिकेची उत्तरं. डाव्या बाजूला दुखतं. मागे वाकताना. एका पायावर उभं करून बघितलं, तर तिने तोंड वाकडं केलं, पण तोंड ती भाजीला सुद्धा वाकडं करते. महिना झाला असेल.

चेंडूंचं म्हणशील तर सुयोग सर अत्यंत काटेकोर माणूस. आठवड्यातून चार दिवस सराव, पन्नास चेंडू, एकावन्नावा टाकू देत नाहीत. वहीत लिहितात. दोन सामने लागोपाठ असले तर दुसऱ्यात तिला बसवून ठेवतात. एवढा शिस्तीचा माणूस असताना तू कशाला घाबरवतेस? आणि हा चेंडू खालून टाकायचा असतो, वरून नाही. खालून टाकणं शरीराला नैसर्गिक असतं. मी इंटरनेटवर वाचलंय. तुझ्या पदवीच्या वेळी इंटरनेट नव्हतं, त्यात तुझा दोष नाही.

पूर्ण बंद करणं जमणार नाही, डिसेंबर डोक्यावर आहे. पण तुझा व्यायाम करते आणि फरक आहे. आता कण्हत नाही. कशामुळे ते विचारू नकोस, सगळं श्रेय तुलाच देऊन टाकतो.

सात तारखेला गणपतीला ये. दीड दिवसाचाच आहे, तेवढा वेळ भांडण आवरता येईल.

तुझा, चंदू


बोरिवली, ११ सप्टेंबर २०२४

चि. चंदूस, मोदक उत्तम झाले होते. चांगलं बोलणं इथे संपलं.

आरतीला सगळे उभे होते. अपूर्वा दुसऱ्या आरतीला भिंतीला टेकली, तिसरीला कपाटाला. तबक उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत खाली बसली, साठीच्या बाईसारखी. मी साठीला आलेय, मला ओळखू येतं. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, ‘काय नाय गं आत्या, सवय झालीय.’ चौदाव्या वर्षी कंबरदुखीची सवय. झकास.

मग तुमच्या तिसऱ्या मजल्यावरचे लवू सावंत दर्शनाला आले. नव्वदेक किलोचा सज्जन माणूस. मला म्हणाले, ‘बाय, तू पन पायाळू? मी पन! चेडवाची काळजी करू नको. दोन आयतवार पाय लावलंय, काय्येक होवचा नाय.’ माझ्या हातात प्रसादाची वाटी होती म्हणून मी काही फेकलं नाही.

म्हणजे माझा पाय मिळाला नाही म्हणून तू बदली पाय शोधलास! वर मला लिहितोस, फरक आहे, कण्हत नाही. अरे, ती कण्हत नाही कारण कण्हली की तिसरा रविवार लागेल. हा तुझा फरक. जिच्या मणक्याला चीर असेल अशी मला शंका आहे, तिच्या कमरेवर तू दर रविवारी एक आख्खा शेजारी उभा केलास आणि शेजारी उभा राहून बघितलंस. जयंतीला हे माहीत होतं का? चेहऱ्यावरून तरी वाटलं नाही. तिला मी सांगितलेलं नाही, ते तू सांग.

खाली कंपाउंडमध्ये खडूची रेघ आणि समोर चौकोन दिसला. अपूर्वा म्हणाली, बिल्डिंगमधली पोरं क्रिकेट खेळतात. खेळू देत बापडी, निदान त्यांच्या पाठीवर कोणी चढत नसावं.

पत्राच्या मागे हाडांच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर लिहिलाय. एमआरआय करून घ्यायचा, आणि तो चाचणीच्या आधी. चंदू, आता थट्टा नाही. मला भीती वाटते. या वयात वेळेवर थांबलं तर हाड जुळून येतं, पोर पुन्हा पहिल्यासारखी खेळते. नाही थांबलं तर मणका सरकतो, मग खेळ राहिला बाजूला, बादली उचलायची पंचाईत होते. माझ्याकडे अशा मुली येतात. त्यांच्या आया मला विचारतात, आता काय करायचं. मला सांगायला फार काही उरलेलं नसतं. तुझ्यावर ती वेळ यायला नको.

मालनताई


नाहूर, २४ सप्टेंबर २०२४

ती. ताईस नमस्कार.

ब्याऐंशी. लवूचं वजन ब्याऐंशी आहे, मी विचारून घेतलं. आणि तो पूर्ण वजन टाकत नाही, एका हाताने खिडकीचा गज धरतो. नोंद असावी. असो, बंद केलंय. जयंतीला सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी फक्त भांड्यांच्या आवाजात बोलली.

डॉक्टरांची वेळ घेतली होती, पण त्याच दिवशी आंतरशालेय सामना लागला. आता पुढची वेळ दिवाळीनंतरची मिळतेय. माझ्या नावाने खडे फोडू नकोस. मी काही पोरीला बडवून पदकं आणायला लावणारा बाप नाही. तिच्या मागे लागत नाही. उलट संध्याकाळी सहा वाजले की तीच चेंडू घेऊन दारात उभी असते. एवढी आवड असलेल्या मुलीला कुठल्या तोंडाने नाही म्हणू? तू असतीस तर म्हणाली असतीस, हे मान्य. तुला मुलगी नाही, भाची आहे, त्यात फरक असतो.

शेवटचं वाक्य खोडणार होतो, पण पेन शाईचं आहे. रागावू नकोस.

चंदू


नाहूर, ४ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

तू व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंस, ‘संध्याकाळी सहाचे चेंडू कुठले?’ ते मी डिलीट केलं, कारण माझा फोन घरात सगळ्यांचाच असतो. तुमच्या दोघांचं पत्रावर चालतं ना, म्हणून मी पण लिहितेय. प्लीज बाबाला सांगू नकोस.

ती खडूची रेघ माझी आहे. सॉरी. शाळेत सरांचे पन्नास झाले की घरी येते आणि सहाला खाली बाबाबरोबर शंभर टाकते. रोज. रविवारी पण. मी हिशोब केला, आठवड्याला नऊशे होतात. सरांना घरचे माहीत नाहीत. बाबाला वाटतं घरचे म्हणजे मोजायचे नसतात, खेळ असतो.

दुखतं गं. खूप दुखतं. हात वर जाताना नाही, चेंडू सोडायच्या आधी पाठ मागे जाते ना, तेव्हा कोणीतरी आतून खुपसल्यासारखं. वर्गात सलग दोन तास बसता येत नाही. सामन्यात मी दात दाबून टाकते, सगळ्यांना वाटतं मी रागात आहे, म्हणून समोरच्या मुली घाबरतात. तेवढा एक फायदा.

मी थांबू शकत नाही. तुला वाटत असेल चाचणीमुळे. चाचणी मला हवीय, पण ते नाही. जूनपासून बाबा दिवसभर गॅलरीत बसतो. टीव्ही लावतो आणि आवाज बंद ठेवतो. आई ऑफिसातून फोन करते तेव्हा ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच. पण सहा वाजत आले की उठतो, केस विंचरतो, ग्लोव्ह घालतो आणि मला म्हणतो, चल गं. खाली चाळीस फुटांवर उकिडवा बसतो आणि प्रत्येक चेंडूला ‘झकास!’ म्हणून ओरडतो, चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू जातं. वाइड गेला तरी झकास. दिवसभरात तो तेवढंच बोलतो. मग वर येऊन नीट जेवतो.

एक दिवस मी म्हटलं आज नको, होमवर्क आहे. तो म्हणाला, बरं. परत गॅलरीत जाऊन बसला. ग्लोव्ह हातातच होता. मग दुसऱ्या दिवसापासून मीच चेंडू घेऊन दारात उभी राहायला लागले.

तर तू मला असा व्यायाम सांग की थांबावं पण लागणार नाही आणि दुखणार पण नाही. तुला इतकं येतं, हे पण येत असेल.

तुझी अपूर्वा


बोरिवली, ८ ऑक्टोबर २०२४

चि. चंदू,

सोबत तुझ्या मुलीचं पत्र आहे. तुला सांगू नकोस असं तिने लिहिलंय. मी सांगतेय. तिच्या नजरेतून मी उतरणार, ते माझं मी बघून घेईन.

तिने विचारलेला व्यायाम मला येत नाही. जगात कोणालाच येत नाही. मी दोन दिवस तुला शिव्या द्यायला बसत होते, पण कागदावर एकही उतरली नाही. जूनपासून मी तुला एकदाही विचारलं नाही, की चंदू, तू कसा आहेस. मी तुझ्याशी पाठीबद्दल भांडत होते.

डॉक्टरांशी मी बोलले आहे. शुक्रवारी सकाळी अकराची वेळ मिळालीय. दिवाळीची वाट बघायची नाही. आधी पत्र वाच.

ताई


नाहूर, १० नोव्हेंबर २०२४

ती. ताई,

उत्तर द्यायला महिना लागला. या वेळी राग निवळायला नव्हे. लिहायला घ्यायचो आणि तिचं पत्र पुन्हा वाचत बसायचो.

तुझी शंका बरोबर निघाली, अभिनंदन. कमरेच्या शेवटच्या मणक्याला डाव्या बाजूने बारीक चीर आहे. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, जुळेल. तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही, मग तुझ्याकडे व्यायाम, मग दिवसाआड वीस चेंडूंपासून सुरुवात. ‘एवढा मार बसला कसा?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्यामुळे. त्यांना वाटलं मी मुलीला मारतो. समजावून सांगताना माझी वाट लागली, आणि समजावून झाल्यावर माझं मलाच वाटलं की आधीचा समज फारसा चुकीचा नव्हता.

सुयोग सरांना मी स्वतः जाऊन सांगितलं. चाचणी गेली, आणि पन्नासावर शंभर कुठले ते. बिचारा मैदानावरच्या बाकावर बसला. म्हणाला, ‘मी पोरीला एक चेंडू जास्त टाकू देत नव्हतो हो. मला वाटायचं, तुम्ही पालक म्हणून माझ्यावर लक्ष ठेवून आहात.’ तो मला ओरडला असता तर बरं झालं असतं.

अपूर्वा पहिले चार दिवस माझ्याशी बोलली नाही. तुझ्याशी तोंडी बोलणार नाही, लेखी भांडणार आहे म्हणते, तेव्हा तयारीत राहा. चाचणीसाठी ती रडली. भरपूर रडली. माझ्यासमोर नाही, आईच्या मांडीवर. मी बाहेर उभा होतो. गेल्या पाच महिन्यांत मी खूप वेळ नुसता उभा नाहीतर बसलेला आहे, पण इतका निरुपयोगी कधीच नव्हतो.

पाचव्या दिवशी मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि एक गोष्ट सांगितली. तुलाही सांगितलेली नाही. ताई, माझे दोन्ही गुडघे जुलैपासून दुखतायत. रोज शंभर चेंडू उकिडवं बसून घ्यायचे म्हणजे तिसाव्यानंतर डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. ‘झकास’ म्हणून इतक्या जोरात ओरडायचो ते त्यासाठी, नाहीतर तोंडातून दुसरंच काही निघालं असतं. मी समजत होतो, पोरीला आवड आहे, बापाने एवढं करायला नको?

ती म्हणाली, ‘म्हणजे तुला पण नको होतं?’

मी म्हटलं, ‘तिसाव्यानंतर नको असायचं.’

‘मग बोलायचं ना यार बाबा!’

‘तू बोललीस?’

यावर ती हसली आणि हसता हसता पुन्हा रडायला लागली. या वेळी माझ्यासमोर. मीही रडलो, लपवत नाही. जयंती दारात येऊन बघून गेली. म्हणाली, ‘दोघांनाही दुखत होतं आणि दोघंही रोज जात होतात. या घरात अक्कल वापरायला फक्त मलाच पगारावर ठेवलंय वाटतं.’ आणि चहा टाकायला गेली.

मग अपूर्वाने विचारलं, ‘उद्या सहाला काय करायचं?’

खरं सांगतो ताई, त्या प्रश्नाची मला डॉक्टरच्या रिपोर्टपेक्षा जास्त भीती वाटली. म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी सहाला ती दारात उभी राहिली. हातात काही नव्हतं. आम्ही खाली गेलो आणि पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर जाऊन बसलो. तिने पाठीमागे उशी घेतली, मी पाय सरळ लांब सोडले. तिने विचारलं, ‘तुझ्या ऑफिसात त्या दिवशी नक्की काय झालं रे?’ जूनपासून हे मला कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं. सगळं. अंधार पडला, डास चावायला लागले, जयंतीने वरून दोनदा हाक मारली, पण उठूया असं आमच्यापैकी कोणीही म्हणालं नाही.

तुझा, चंदू